पट्टीताई

सोलापुरात त्या रविवारी पुरुषांची अंतिम लढत दुपारी दोनला उरकून घेतली. उरकून घेतली हाच शब्द बरोबर आहे. स्टेडियम जेमतेम अर्धं भरलेलं, आणि जे आले होते त्यांतले निम्मे संध्याकाळसाठी जागा धरायला आलेले. साडेपाचला मुलींचा सामना होता, बालाघाट वाघिणी विरुद्ध कोकण तुफान, आणि त्यासाठी दोन्ही दरवाज्यांवर रांगा लागल्या होत्या. चांगले मिशीवाले बाप्ये अंगात ‘ओवी ७’ लिहिलेले केशरी शर्ट घालून पोराबाळांना खांद्यावर घेऊन उभे होते. दोन हजार एक्केचाळीस साल आहे, खो-खोला तीस हजार माणूस जमतं, आणि ते पोरींसाठी जमतं. ज्यांना पटत नाही त्यांनी दोनचा सामना बघावा, जागा भरपूर असते.

आपली दैवशाला लोमटे मात्र या गर्दीत कुणाला दिसणारी नव्हती. ती वाघिणींच्या बाकाच्या टोकाला एका घडीच्या खुर्चीवर बसायची, डावा पाय पुढे पसरून, कारण तो पुरता दुमडत नव्हता. मांडीवर एक पाटीएवढा पडदा, कानात ऐकायचं एक काळं बोंडुक, आणि खुर्चीच्या पायाला टेकवलेला लाल झेंडा. तिच्या हुद्द्याचं लीगच्या कागदावरचं नाव चांगलं दीड ओळीचं होतं. पण पोरी तिला पट्टीताई म्हणत, आणि सहा वर्षांत सगळ्या महाराष्ट्रानं तेच नाव उचललं होतं. प्रत्येक संघाला आता एक पट्टीताई असते.

ही पट्टी काय भानगड आहे ते सांगायला हवं. गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नळीचं हाड यांना बांधून ठेवणारं एक तिरपं लिगामेंट असतं, करंगळीएवढं जाड. धावता धावता माणूस गर्रकन वळलं की सगळा भार त्याच्यावर येतो. हे लिगामेंट एकदम तुटतं असं आपल्याला वाटतं, पण तसं नसतं. विहिरीचा दोर तुटायच्या आधी त्याचा एक-एक पीळ सुटत जातो, तसे याचेही बारीक तंतू आधी एक-एक करून तुटतात. तंतू तुटला की आवाज होतो. तो इतका बारीक आणि इतका उंच पट्टीतला असतो की माणसाच्या कानाला काही कळत नाही. पुण्याच्या एका संशोधक बाईंनी तो आवाज ऐकणारी पातळ फिल्म तयार केली. दाब पडला की तिच्यात किंचित वीज तयार होते, कातडीला चिकटवली की ती गुडघ्याच्या आतलं ऐकत राहते. हीच ती पट्टी. यंत्र ते आवाज मोजतं आणि रंग दाखवतं. हिरवा म्हणजे खुशाल पळा, पिवळा म्हणजे जपून, आणि लाल म्हणजे आता तुटणार, घरी बसा.

खरी मेख पुढेच आहे. हे लिगामेंट पुरुषांपेक्षा बायकांत तीन-चार पटींनी जास्त तुटतं, हे डॉक्टरांना फार वर्षांपासून ठाऊक होतं. हाडांची ठेवण वेगळी, महिन्याच्या चक्राबरोबर त्याची ताठरता बदलते, कारणं पुष्कळ. पण व्यायामाची, बुटांची, विश्रांतीची सगळी मापं घेतली होती पुरुषांच्या अंगावरून, आणि पोरींना सांगायचे, आणखी जोर काढा. या बाईंनी उलटं केलं. त्यांनी आधी चाळीस हजार बायकांचे गुडघे ऐकले, त्यांत धाराशिव आणि कळंबच्या खो-खोच्या पोरीही होत्या. पुरुषांचे फुटबॉल संघ आता तीच पट्टी वापरतात, मापं थोडी इकडेतिकडे करून. तक्रार करत नाहीत बिचारे.

पट्टी आली आणि चित्रच पालटलं. आईबाप पोरींना मैदानावर सोडायला लागले, कारण पोर लंगडी होऊन घरी यायची भीती गेली. बावीस वर्षांच्या वयात संपणारा खेळ पस्तिशीपर्यंत जाऊ लागला. खेळ चांगला झाला, माणसं बघायला आली, टीव्ही आला. आणि त्याचबरोबर लाल रंगापुढे बोलायची सोय उरली नाही. नियमानं लाल झालेल्या पोरीनं बसायचं. ते लाल बाजूला सारायचा हक्क एकाच माणसाला होता, पट्टीताईला, तेही स्वतःच्या अंगठ्यावर. आणि मग गुडघा गेला तर पट्टीताईचं काम गेलं, कायमचं. सहा वर्षांत कुठल्याच संघाच्या पट्टीताईनं तसा अंगठा उमटवला नव्हता.

दैवशालाकडून तर ती आशाच नको. एक्केचाळीस पोरींना तिनं लाल बघून बसवलं होतं. कुणी रडल्या, कुणी शिव्या दिल्या, एका पोरीच्या आईनं कळंबच्या बाजारात तिच्याकडे पाठ फिरवली. ही आपली ढिम्म. “लाल म्हणजे लाल,” एवढंच म्हणायची आणि पाय ओढत निघून जायची.

तो पाय असा का झाला हे संघात सगळ्यांना माहीत होतं, फक्त तिच्यापुढे कुणी तो विषय काढत नव्हतं. पंचवीस वर्षांपूर्वी राज्य अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात, चाळीस सेकंद उरले असताना, चौकात बसलेल्या दैवशालाच्या पाठीवर कर्णधारानं थाप मारली आणि खो दिला. ती उठली, सुसाट सुटली, खांबाला वळसा घालताना गुडघा जागच्या जागी राहिला आणि ती पुढे गेली. ऑपरेशन करू म्हणाले डॉक्टर. वडील म्हणाले, पोरीच्या पायाला टाके दिसले तर तिला करून कोण घेईल? टाके नाही पडले, लग्नही नाही झालं, आणि पाय तसाच राहिला.

तो खो देणारी कर्णधार म्हणजे खुर्शीद शेख, आज वाघिणींची प्रशिक्षक. दोघी एका आळीत वाढलेल्या, एका डब्यात जेवलेल्या. आताही रोज बरोबर असायच्या, पण त्या चाळीस सेकंदांबद्दल दोघींत कधी एक शब्द झाला नव्हता.

अंतिम सामन्यात तीन डाव झाले आणि शेवटच्या डावाआधी वीस मिनिटांची विश्रांती झाली. ही विश्रांती पोरींसाठी असते असं म्हणतात, असते ती जाहिरातींसाठी. हिशोब सोपा होता. आता कोकणच्या पोरी पाठलाग करणार आणि बालाघाटच्या नऊजणी तीन-तीनच्या तुकड्यांनी पळणार. सात मिनिटांत नऊच्या नऊ बाद झाल्या तर निदान बरोबरी, आणि बरोबरीत चषक साखळी सामन्यांत वर राहिलेल्या कोकणचा. एक जरी शेवटपर्यंत उरली तर चषक बालाघाटचा. ती एक कोण असणार हे तीस हजार माणसांना ठाऊक होतं. ओवी खटके, वय एकोणीस, कळंबच्या पिठाच्या गिरणीवाल्याची थोरली. पळायला लागली की पाय जमिनीला लागतात की नाही अशी शंका यायची.

विश्रांतीची अकरा मिनिटं उरली असताना दैवशालाच्या मांडीवरचा पडदा थरथरला. ओवी, उजवा गुडघा. हिरव्याचा पिवळा झाला आणि ती नीट बघेपर्यंत लाल. तोच लाल ठिपका मैदानावरच्या मोठ्या पडद्यावर ओवीच्या नावापुढे उमटला आणि गर्दीतून एक लांबलचक ‘अरेरेरे’ उठलं.

“आता गं!” दैवशाला म्हणाली आणि उठली.

खोलीत ओवी बाकावर ताठ बसली होती, दोन्ही हात मांड्यांखाली घालून. चेहरा पांढराफटक. समोर खुर्शीद उभी, हातात शिट्टीची दोरी गुंडाळत होती, सोडत होती. बाकीच्या पोरी कोपऱ्यात दाटीनं उभ्या.

“दुखायलंय का?” दैवशालानं विचारलं.

“नाही ताई. आईशप्पथ नाही. काहीच नाही दुखत.”

“असंच म्हणतात सगळ्या.”

“बसव तिला,” खुर्शीद म्हणाली. दैवशालाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. जिंकण्यासाठी दात-ओठ खाणारी ही बाई. “माझ्याकडं काय बघायलीस? लाल म्हणजे लाल, तूच म्हणतीस ना? राखीव पोर तयार ठेव. गेला चषक तर गेला.”

“मॅडम!” ओवी उभी राहिली. “मी पळणार. एवढं वर्षभर…”

“खाली बस!” खुर्शीदचा आवाज फाटला. मग ती दैवशालाकडे वळली आणि पोरींसमोरच बोलली. “मला माहीत होतं दैवे. तुझा गुडघा सकाळपासून सुजला होता. मी बघितला होता. तरी तुझ्या पाठीवर थाप मारली मी. मला चषक पाहिजे होता. पंचवीस वर्षं रोज तुझ्या पायाकडं बघून जेवते मी. दुसऱ्यांदा नाही होणार माझ्याच्यानं.”

दैवशालानं किती वर्षं हे ऐकायची वाट बघितली होती, आणि आलं तेही असं, घाईगर्दीत, नऊ मिनिटं उरलेली असताना. तिला ओरडावंसं वाटलं, रडावंसंही वाटलं. तिनं कानातलं बोंडुक नीट बसवलं आणि पडद्यावरचं एक बटण दाबलं.

“गप राहा सगळ्या. मला ऐकू दे.”

हे काम बहुतेक पट्टीताया करत नाहीत. त्या रंग बघतात आणि मोकळ्या होतात. पण गुडघ्याचा मूळ आवाज खालच्या पट्टीत उतरवून ऐकायची सोय त्या यंत्रात आहे, आणि दैवशाला सहा वर्षं रोज ऐकत आली होती, कुणी रेडिओ लावून भाजी निवडावी तशी. तंतू तुटतो तेव्हा टिक् असा आवाज येतो. कोरडा, एकटा, सुकी काडी मोडल्यासारखा. पुन्हा गप्प. मग परत टिक्.

ओवीच्या गुडघ्यातून येत होता तो आवाज तसा नव्हताच. भाकरीत कच लागावी तसा होता. कुर्र, कुर्र, कुर्र, सलग.

“आडवी हो,” दैवशाला म्हणाली. “पाय पार सैल सोड. काहीही करायचं नाही. मेल्यासारखी पड.”

तिनं ओवीची टाच एका हातात आणि मांडी दुसऱ्या हातात घेऊन पाय हळूच दुमडला, सरळ केला, दुमडला. आवाज चालूच. कुर्र, कुर्र. आता ही साधी गोष्ट आहे. पाय सैल आहे, त्यावर वजन नाही, म्हणजे आतला दोर ताणलेलाच नाही. आणि न ताणलेला दोर तुटत नाही. मग आवाज करतंय कोण? आवाज गुडघ्याच्या आतला नव्हता. तो कातडीवरचा होता, थेट पट्टीखालचा.

दैवशालानं गुडघ्यावरचा मोजा खाली सरकवला आणि चष्मा वर केला. पट्टीच्या खालच्या कडेला काळी रेघ दिसत होती, काजळ फासल्यासारखी.

“ओवे, हे काय आहे?”

ओवी रडायलाच लागली. “माती.”

आता ही मातीची गोष्ट अशी. कळंबच्या मैदानावर पोरी खेळायला उतरल्या की वाकून चिमूटभर माती घेतात आणि दोन्ही गुडघ्यांना चोळतात. दैवशालाच्याही आधीपासून चालत आलेली रीत. पुढे सामने मॅटवर आले, मॅटवर माती न्यायला बंदी झाली, तेव्हा पोरींनी एका कुंकवाच्या डबीत मैदानाची माती भरून घेतली आणि सामन्याआधी कपाळाला बोट लावायला लागल्या. तेवढ्याला कुणाची हरकत नव्हती. पट्टीला मात्र हात लावायचा नाही, ही दैवशालाची सक्त ताकीद.

“कोपरा उचललास?”

“थोडासाच. घामानं सुटला होता. तुम्हीच सांगितलं होतं ताई! मागच्या रविवारी जेवताना. त्या दिवशी तुम्ही गुडघ्याला माती लावायला विसरला होता, म्हणून म्हणे तसं झालं. मला भ्याव वाटलं. शेवटचा डाव, सगळं माझ्यावर…”

“अगं भवाने, ते मी गमतीनं म्हणाले होते!”

पण गमतीनं म्हटलं नव्हतं, हे तिचं तिलाच ठाऊक होतं. पंचवीस वर्षं तिनं स्वतःलाच दोष दिला होता, कधी मातीसाठी, कधी वळायच्या घाईसाठी. दोष कुणाचा होता ते दोनच मिनिटांपूर्वी खुर्शीदनं सांगितलं होतं.

“पुसून टाक ना मग,” खुर्शीद म्हणाली.

“पट्टी निघेल. नवी लावली तर गुडघा ओळखायला तिला तास लागतो. बिनपट्टीची पोर मैदानात घेत नाहीत.”

“म्हणजे लालच राहणार?”

“पडद्यावर लालच राहणार.”

सहा मिनिटं उरली होती. दैवशालानं ओवीला उठवून एका पायावर बसवलं, उठवलं, पुन्हा बसवलं. सगळा भार उजव्या गुडघ्यावर. डोळे मिटून ती त्या कुरकुरीच्या आत टिक् शोधत होती. ऐकू आलं नाही. पण कच इतकी होती की खाली एखादी टिक् दबून गेली असती तरी कळलं नसतं. नक्की सांगणार कोण? यंत्राला सांगता येत नव्हतं. तिला शंभरातलं नव्वद सांगता येत होतं, आणि उरलेल्या दहांत तिचा स्वतःचा पाय होता.

दारात लीगचे डॉक्टर आले. तरुण, टापटीप, हातात अंगठ्याची पाटी. “मॅडम, सात नंबर बसवायची ना? अंगठा द्या.”

बसवावं, एवढं सोपं होतं ते. बसवल्यावर कुणी काही बोललं नसतं. लाल होतं, खुर्शीदही तयार होती. ओवी रडून रडून गप्प झाली असती. गुडघा शाबूत राहिला असता आणि पट्टीताईचं नावही. दैवशालानं ओवीकडे बघितलं. पोर आता रडत नव्हती. ती फक्त बघत होती, जे ताई म्हणेल ते मान्य अशा नजरेनं. हीच नजर जास्त अवघड होती.

“ओवे, खरं सांग. मला घाबरू नको, मॅडमला घाबरू नको. गुडघा काय म्हणतो तुझा?”

ओवीनं पाय हलवला, विचार केला. “पहिल्या डावात होता तसाच आहे ताई. खरंच.”

पंचवीस वर्षांपूर्वी, सकाळपासून सुजलेल्या तिच्या गुडघ्याला असं कुणीच विचारलं नव्हतं.

“डॉक्टर, लाल बाजूला सारायचं कुठल्या चौकोनात असतं?”

“मॅडम? तो चौकोन… सहा वर्षांत कुणी…”

“तेच विचारायलेय. कुठं असतो?”

“दैवे, नको,” खुर्शीदनं तिचा दंड धरला. “आण घालते तुला. नको.”

“खुर्शीद, तेव्हा तू न ऐकता पळवलंस. आज मी ऐकून पळवतेय. यात फरक आहे.” तिनं अंगठा दाबला. मग ओवीकडे वळून बोट नाचवलं. “आणि माझ्या हातात झेंडा आहे. मी झेंडा वर केला की जिथं असशील तिथं थांबायचं. चषक खड्ड्यात गेला तरी. काय?”

“हो ताई.”

लाल ठिपका असलेली पोर मैदानाकडे येतेय हे बघून तीस हजार माणसांनी एकच गिल्ला केला. टीव्हीवरचा बोलका माणूस म्हणाला की बालाघाटनं पोरीचा बळी द्यायचं ठरवलेलं दिसतं. पट्टीताईचं नाव घेऊन म्हणाला. घरोघरी ऐकलं लोकांनी.

डाव सुरू झाला. पहिली तुकडी दोन मिनिटं पंचवीस सेकंद टिकली. दुसरी दीड मिनिटात आटोपली. कोकणच्या पोरी काय खेळत होत्या म्हणून सांगू, एकीनं खो दिला की दुसरी उठायच्या आधीच हवेत असायची. सहा बाद. तिसरी तुकडी, ओवी आणि दोघी. त्या दोघी सव्वा मिनिटात गेल्या, दुसरी तर ओवीच्या पुढ्यात, खांबावरून मारलेल्या सुरात. आठ बाद. घड्याळात एक मिनिट पन्नास सेकंद. मैदानात ओवी एकटी.

दैवशालाच्या कानात नुसती कुरकुर होती. झेंडा तिनं मांडीवर आडवा घेतला होता आणि त्याची काठी दोन्ही हातांनी धरली होती.

ओवी पळत नव्हती, ती शिवत होती. बसलेल्या आठ पाठींमधून आत, बाहेर, आत, बाहेर. पाठलाग करणारीनं हात टाकला की ही पाठीमागून पलीकडे. खो! ती उठायच्या आत ही दोन चौक पुढे. खो! हिनं हुलकावणी देऊन खांब गाठला आणि उजव्या पायावर गर्रकन वळली. दैवशालानं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा पोर पळत होती.

एक मिनिट दहा. एक मिनिट. ओवीच्या पोटऱ्यांवरून घाम निथळत होता, आणि दैवशालाच्या कानात काहीतरी बदललं. कुरकुर मऊ झाली, चिखलात पाय पडल्यासारखी. मग तीही विरली. घामानं माती भिजली होती! पन्नास सेकंद उरले असताना मोठ्या पडद्यावरचा लाल ठिपका पिवळा झाला. अठ्ठेचाळीसला हिरवा.

असा गदारोळ त्या स्टेडियमनं कधी ऐकला नसेल. माणसं उभी राहिली, शर्ट काढून फिरवायला लागली, अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारायला लागली. खुर्शीद दैवशालाचा खांदा गदागदा हलवत ओरडत होती, “हिरवा! दैवे, हिरवा!”

दैवशाला हसली नाही. कारण आता कानात शांतता होती, आणि त्या शांततेत तिला ऐकू आलं, टिक्.

कोरडा. एकटा.

एक टिक् म्हणजे काही नव्हे. धडधाकट गुडघाही सामन्यात एखादी देतो, म्हणूनच यंत्र तिकडे बघत नाही. पण मिनिटभरात तीन झाल्या की पुढचं सांगायला यंत्र लागत नाही. पस्तीस सेकंद. ओवी डाव्या कडेला, दोन बोटांच्या अंतरानं वाचली. टिक्.

दोन.

पडदा हिरवा. लोक हिरवे. खुर्शीद आनंदानं वेडी. त्या दोन टिक् फक्त एकाच माणसाला ठाऊक होत्या. दैवशालानं झेंड्याची गुंडाळी सोडली आणि काठी उभी धरली. तिच्या मनात आता काही घोळ नव्हता. तिसरी आली की झेंडा वर. मग चषक जाऊ दे, लोक दगड मारू देत, ओवी जन्मभर तोंड न बघू दे.

“काय करायलीस?” खुर्शीद ओरडली आणि मग तिनं दैवशालाच्या चेहऱ्याकडे बघितलं. तिला सांगावं लागलं नाही. तिनं आपला हात झेंड्याच्या काठीवर, दैवशालाच्या हाताखाली ठेवला. अडवायला नव्हे. वेळ आली तर दोघींनी मिळून उचलायला.

वीस सेकंद. ओवी खांबाकडे निघाली. मागे कोकणची सगळ्यात वेगवान पोर, हात लांब केलेला. खांबाला उजवीकडून वळसा घातला तर सुटका नक्की, पण सगळा भार उजव्यावर. ओवीनं नजर उचलून बाकाकडे टाकली. ताईच्या हातात उभा धरलेला झेंडा तिला दिसला, अजून वर न गेलेला. काय समजायचं ते पोर समजली. ती वळलीच नाही. खांबाच्या दोन पाठी अलीकडेच डाव्या पायावर कचकन थांबली, खाली बसली, आणि मागची पोर तिच्या डोक्यावरून हात फिरवत थेट खांबाला जाऊन भिडली.

दहा. पाच. कानात शांतता. तीन. दोन.

शिट्टी.

पुढची पाच मिनिटं कुणालाच नीट आठवत नाहीत. ओवी धावत आली ती दैवशालाच्या अंगावरच कोसळली. दैवशालानं आधी तिचा गुडघा दाबून बघितला, दोन्ही बाजूंनी, मगच तिला जवळ घेतलं. “पंधरा दिवस खेळायचं नाव काढलंस तर तंगडं मोडून ठेवीन,” म्हणाली, आणि मग मात्र पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडली. टीव्हीवरचा बोलका माणूस आपल्या शब्दांबद्दल माफी मागत होता. ऐकायला कुणाला वेळ नव्हता.

चषक उंचावून झाला, फोटो काढून झाले. ओवीनं कुठूनशी ती कुंकवाची डबी आणली आणि दैवशालाच्या पुढ्यात बसून तिच्या डाव्या गुडघ्याला, साडीवरूनच, उरलीसुरली माती चोळली. “आता विसरायचं नाही ताई.”

मॅटवर माती सांडली. कुणी अडवलं नाही.

मग पोरींना काय सुचलं कोण जाणे. आठजणी चौकात बसायला निघाल्या, आणि सातच बसल्या. खांबाजवळचा आठवा चौक त्यांनी मोकळा ठेवला आणि दैवशालाला ओढत नेऊन तिथं बसवलं. तिला उकिडवं बसता येईना, डावा पाय पुढे पसरून ती कशीबशी टेकली. लोक निघायच्या बेतात होते ते थांबले.

मागून पावलं वाजली. दैवशालानं वळून बघितलं नाही, बसलेल्या खेळाडूनं बघायचं नसतं. पाठीवर थाप पडली.

“खो!” खुर्शीद ओरडली. पंचवीस वर्षांत इतक्या मोठ्यानं ती ओरडली नव्हती.

दैवशाला उठली. पळता येत नव्हतं, ती भराभर लंगडत निघाली, पदर खोचलेला, केस सुटलेले, आणि तीस हजार माणसं तिच्या एकेका पावलाला टाळी देत होती. खांब जवळ आला. तिनं हात लांब करून तो धरला आणि सावकाश वळसा घातला, आणि या वेळी गुडघा तिच्याबरोबर वळला.